शरीरभार आणि श्रवणस्वास्थ्य : सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांच्या संदर्भात

प्रस्तावना

स्थूलतेचे दुष्परिणाम सांगताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि गुडघेदुखी यांचा उल्लेख हटकून होतो. कानाचा क्वचितच होतो. बहिरेपणाची चर्चा करतानाही वार्धक्य, कान फुटणे, अनुवंशिकता आणि मोठा आवाज या कारणांपलीकडे सहसा कोणी जात नाही. गेल्या दोन दशकांत मात्र शरीराचे वजन व ऐकण्याची क्षमता यांचा संबंध शोधणारे बरेच संशोधन झाले आहे. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाचा परामर्श घेऊन, सोलापूरसारख्या वस्त्रोद्योगाच्या शहराला ते कोणत्या अर्थाने व कितपत लागू पडते, याचा विचार केला आहे.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. यंत्रमागावर वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येऊ लागले, त्याचे वजन जास्त असले आणि रक्तातील साखरही वाढलेली असली, तर त्याच्या बहिरेपणाचे कारण कोणते मानावयाचे ? माग की शरीर ? या उत्तरावर त्याची नुकसानभरपाई अवलंबून असते, त्याचा उपचार अवलंबून असतो आणि त्याच्या शेजारच्या मागावर नुकत्याच उभ्या राहिलेल्या तरुण कामगाराचे कानही अवलंबून असतात.

अंतर्कर्ण व त्याचा रक्तपुरवठा

वजनाचा आणि कानाचा संबंध कसा येऊ शकतो, हे समजण्यासाठी अंतर्कर्णाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी घेतलेली एक नलिका असते. तिला कर्णावर्त म्हणतात. त्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे रूपांतर विद्युत्संदेशांत करतात. प्रत्येक कानात अशा सुमारे १५ ते १६ हजारच पेशी असतात आणि एकदा नष्ट झालेली केशपेशी मनुष्यात पुन्हा निर्माण होत नाही. डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी कोट्यवधींनी मोजाव्या लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे कानाचे भांडवल किती तुटपुंजे आहे याची कल्पना येते.

या पेशींना काम करण्यासाठी सतत विद्युद्दाब लागतो. तो निर्माण करण्याचे काम कर्णावर्ताच्या बाहेरील भिंतीतील, केशवाहिन्यांनी गजबजलेला एक पट्टा करतो. सुमारे ८० मिलिव्होल्टचा हा दाब टिकवण्यासाठी त्या पट्ट्याला अखंड प्राणवायू लागतो. अडचण अशी की, अंतर्कर्णाला रक्त पुरविणारी धमनी ही एकटीच असते. हृदयात किंवा हातापायांत एखादी वाट अरुंद झाली, तर शेजारच्या वाहिन्या काही अंशी भार उचलतात. येथे तशी पर्यायी वाट जवळजवळ नाही. म्हणून ज्या ज्या कारणाने सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड, कठीण अथवा अरुंद होतात, ते कारण कानालाही बाधू शकते. वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब, बिघडलेले मेदाचे प्रमाण आणि पोटातील मेदामुळे शरीरभर रेंगाळणारा सौम्य दाह ही सर्व कारणे या वर्गात मोडतात. पोटातील मेद हा केवळ साठा नसून तो रक्तात अनेक रासायनिक द्रव्ये सोडतो. ॲडिपोनेक्टिन हे रक्तवाहिन्यांना हितकारक असणारे द्रव्य मात्र मेद वाढेल तसे कमी होते.

उपलब्ध पुरावा

या विषयावरील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेतील परिचारिकांचा आहे. १९८९ ते २००९ या काळात ६८,४२१ स्त्रियांचा पाठपुरावा करण्यात आला व निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा शरीरभार-निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० किंवा अधिक होता, त्यांच्यात श्रवणदोषाचा धोका २५ च्या आत निर्देशांक असणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळला. कमरेचा घेर ८८ सेंटिमीटरपेक्षा अधिक असणाऱ्यांत तो सुमारे २७ टक्क्यांनी अधिक होता. आठवड्यात दोन तास अथवा अधिक चालणाऱ्यांत धोका एक तासापेक्षा कमी चालणाऱ्यांच्या तुलनेने सुमारे १५ टक्क्यांनी कमी होता. येथे ध्यानात ठेवावे की, श्रवणदोषाची नोंद या स्त्रियांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेली होती, यंत्राने केलेल्या तपासणीवर नव्हे.

यंत्राने तपासणी केलेल्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेतीलच, पण १२ ते १९ वर्षांच्या मुलांचा आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीतील या मुलांपैकी स्थूल मुलांत एका कानाचा, खालच्या पट्टीतील श्रवणदोष सुमारे १५ टक्के, तर सामान्य वजनाच्या मुलांत सुमारे ८ टक्के आढळला. खालची पट्टी हा तपशील महत्त्वाचा आहे. त्याचा उपयोग पुढे होणार आहे. मधुमेहासंबंधी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, मधुमेही प्रौढांत श्रवणदोषाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे दिसून आले.

तथापि, संबंध आढळणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर आहे. ज्याला ऐकू कमी येते तो माणसांत मिसळणे टाळतो, घराबाहेर कमी पडतो, आणि त्यामुळेही वजन वाढू शकते. शिवाय वजन उतरविल्याने गेलेले ऐकणे परत येते, असे दाखविणारा भक्कम पुरावा नाही. केशपेशींचा स्वभाव पाहता तशी अपेक्षा बाळगणेही अवघड आहे. वजनाचा उपयोग असेल तर तो उरलेले राखण्यापुरता.

वजनकाटा आणि भारतीय शरीर

वर दिलेले आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावणे धोक्याचे आहे. ४० हा निर्देशांक आपल्या कामगारवस्तीत क्वचितच सापडेल. मग त्यावरून येथे धोका नाही असा निष्कर्ष काढावयाचा काय? याचे उत्तर सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात मिळते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनमधील सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र व मोजमाप प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. काट्यावर समान असणारी दोन शरीरे आतून किती भिन्न असू शकतात, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे नसेल. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण मातांच्या अभ्यासात तर वजनाने हलकी जन्मलेली बालकेही तुलनेने अधिक मेद घेऊन जन्मतात, असे दिसून आले.

म्हणूनच भारतीय वैद्यकतज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमतीत २३ पासून अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानावी, तसेच कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच असावा, असे ठरविण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण स्थूलता २८.६ टक्के, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्के आढळली. म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक माणसे अशी आहेत की, ज्यांचे वजन त्यांच्या पोटाची साक्ष देत नाही. हातपाय काटकुळे व पोट पुढे आलेले, अशा मध्यमवयीन कामगाराला आपल्याकडे कोणी लठ्ठ म्हणत नाही. अंतर्कर्णाच्या दृष्टीने मात्र तो लठ्ठ असू शकतो.

कृशता : विषयाची दुसरी बाजू

पाश्चात्त्य लेखनात 'वजन आणि श्रवण' म्हणजे 'स्थूलता आणि श्रवण' असेच गृहीत धरलेले असते. आपल्याला ती चैन परवडणारी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिरिक्त वजनाच्या आढळल्या, तर त्याच वेळी १८.७ टक्के स्त्रिया कृश आढळल्या. एकाच चाळीत दोन्ही टोके नांदतात.

कृशतेचाही कानाशी संबंध आहे. कोरियातील २००९ ते २०१२ च्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अभ्यासात श्रवणदोषाचे प्रमाण अतिस्थूल व कृश अशा दोन्ही टोकांना अधिक दिसले. याहून अधिक बोलका पुरावा नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातील आहे. बालपणी कुपोषित असलेल्या मुलांत तारुण्यात श्रवणदोष आढळण्याची शक्यता सुमारे दुपटीपर्यंत वाढलेली तेथे दिसली. तेथीलच दुसऱ्या अभ्यासात, बालपणी कान वाहत असलेल्या ज्या मुलांना 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा मिळाल्या होत्या, त्यांच्यात पुढे श्रवणदोषाचा धोका ४२ टक्क्यांनी कमी आढळला. अन्न आणि कान यांच्यातील नाते येथे कान फुटण्याच्या मार्गाने जाते : शरीर अशक्त, म्हणून मध्यकर्णातील संसर्ग रेंगाळतो, पडदा फाटतो आणि आतील हाडांची साखळी झिजते.

कृशता व श्रवण यांचा आणखी एक दुवा औषधांतून येतो. क्षयरोगावर दीर्घकाळ दिले गेलेले स्ट्रेप्टोमायसिन व त्याच्या कुळातील कॅनामायसिन ही इंजेक्शने केशपेशींना विषारी ठरतात. त्यांची मात्रा वजनाप्रमाणे ठरवावी लागते. क्षयाने झिजलेल्या शरीराला मात्रा थोडी जरी जास्त झाली तरी आजार बरा होऊन बहिरेपणा मागे राहण्याची भीती असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात कॅनामायसिन वापरू नये असे सांगितले आणि उपचारपद्धती तोंडाने घ्यावयाच्या औषधांकडे वळली. परंतु त्याआधी उपचार घेतलेले रुग्ण आजही आपल्यात आहेत. कोणाही प्रौढाच्या बहिरेपणाची चौकशी करताना 'पूर्वी सुया घेतल्या होत्या काय' हा प्रश्न म्हणूनच विचारावयास हवा.

जाता जाता एका चमत्कारिक तक्रारीचा उल्लेख करतो. आजाराने किंवा कडक उपासाने वजन झपाट्याने उतरले की काहींना स्वतःचाच आवाज कानात घुमू लागतो, श्वासही ऐकू येतो, आणि आडवे पडल्यावर बरे वाटते. घसा व मध्यकर्ण यांना जोडणाऱ्या नळीभोवती मेदाची एक लहानशी गादी असते. ती विरघळली की एरवी मिटलेली नळी उघडी राहते. हा बहिरेपणा नव्हे, पण रुग्ण 'कान बिघडला' म्हणून घाबरून येतो. त्याला धीर देण्याचे व वजन सावकाश भरून काढण्यास सांगण्याचे काम कोणताही डॉक्टर करू शकतो.

सोलापूर : मागाचा आवाज

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. १८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिल्यापासून सोलापूर हे कापडाचे शहर आहे. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि माग लहान लहान कारखान्यांत विखुरले. शहराच्या पूर्व भागात, तसेच अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी येथे आलेल्या विणकर कुटुंबांचा या व्यवसायात मोठा वाटा आहे.

धोट्याचा यंत्रमाग हा रचनेनेच गोंगाटी असतो. लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत आदळविला जातो. प्रत्येक आघात हा स्वतंत्र ठोका असतो, आणि पत्र्याच्या छपराखाली दहा-वीस माग एकत्र चालू असले की भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो. अशा शेडमधील आवाज सामान्यतः ९० डेसिबलच्या वर जातो. भारतात कारखान्यांसाठी रूढ झालेली मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल ही आहे. अधिक काटेकोर मापदंड आठ तासांना ८५ डेसिबल मानतो आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी करतो. त्यानुसार ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास आणि ९४ ला अवघा एक तास उरतो. यंत्रमागाची पाळी कित्येकदा बारा तासांची असते, आणि वरील सर्व हिशेब आठ तासांचा आहे. पूर्व भागात कित्येक ठिकाणी घर व माग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असल्याने पाळी संपल्यावरही कानाला पुरती विश्रांती मिळत नाही.

विणकरांचा बहिरेपणा ही काही सोलापूरची खासियत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांतील बायका ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत आणि त्या भाषेला त्यांच्यात स्वतंत्र नावही होते. स्कॉटलंडमधील डंडी येथील ताग विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मागांचा आवाज कित्येक वर्षे फारसा बदललेला नसल्याने किती वर्षांच्या कामाने किती ऐकणे जाते, हे त्यातून प्रथमच नीट मोजता आले. या स्त्रिया स्थूल होत्या की कृश, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तो पडण्याची गरजही नव्हती.

आवाजाने होणाऱ्या हानीची एक ठरावीक खूण असते. श्रवणालेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास, दोन्ही कानांत जवळजवळ सारखी, खाच पडते. बोलण्यातील 'स', 'श', 'फ', 'ठ' यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असल्याने ती प्रथम हरवतात : 'साठ', 'पाठ' आणि 'काठ' यांत फरक कळेनासा होतो, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून असा माणूस 'ऐकू येते, पण समजत नाही' अशी तक्रार करतो आणि घरची माणसे तो मुद्दाम लक्ष देत नाही असे समजतात. याउलट, रक्तवाहिन्यांच्या पट्ट्याचे काम मंदावल्याने येणाऱ्या दोषात विद्युद्दाबच उतरत असल्याने आलेख खालच्या पट्टीपासूनच खाली बसतो. स्थूल मुलांत खालच्या पट्टीचा दोष आढळला, तो याच्याशी जुळतो. अर्थात साठीनंतर वार्धक्य दोन्ही खुणा पुसट करते आणि वेगळेपणा सांगणे कठीण होते. याकरिता आलेख तरुण वयातच, काम सुरू करताना काढलेला असावा लागतो.

जबाबदारीचा प्रश्न

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा सूचनीय रोग म्हणून नोंदला गेला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही त्याचा समावेश व्यावसायिक रोगांत होता. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान दहा कामगार ही अट असल्याने लहान शेड कायद्याच्या कक्षेबाहेर राहत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कारखान्याच्या व्याख्येसाठी हीच संख्या वीस करण्यात आली आहे. सहा-आठ माग टाकून बसलेला शेड आधीही बाहेर होता. आता त्याहून मोठेही बाहेर जाऊ शकतात.

अशा परिस्थितीत 'वजनामुळेही बहिरेपणा येतो' हे विधान कसे वापरले जाईल, याची काळजी वाटते. शास्त्रीयदृष्ट्या ते चूक नाही. पण प्रमाण पाहिले पाहिजे. परिचारिकांच्या अभ्यासातील अतिस्थूलतेचा वाढीव धोका पाव पटीचा आहे. नव्वदीपुढच्या आवाजात रोज बारा तास उभे राहण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. स्थूलता व आवाज यांचा एकत्रित परिणाम निव्वळ बेरजेपेक्षा अधिक असतो काय, याविषयीचे निष्कर्ष अद्याप एकमुखी नाहीत. तो तसा असल्याचे उद्या सिद्ध झाले, तरी त्यातून निघणारा अर्थ हाच की, मधुमेही कामगाराला आवाजापासून अधिक जपावे लागेल. त्याला दोष द्यावा, असा नव्हे. कामगाराचे वाढलेले पोट हे त्याच्या पाळीचा, ज्वारीच्या भाकरीची जागा घेणाऱ्या वडापावाचा व चहाचा, आणि अपुऱ्या झोपेचाही हिशेब असते.

विडी वळणाऱ्या स्त्रियांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्यांच्या कामात आवाज नाही, पण दिवसभर मांडी घालून बसणे आहे आणि तंबाखूची धूळ आहे. याच घरांतील पुरुष मागावर असतात. एकाच घरात, एकाच अन्नावर वाढलेल्या या दोन गटांचे श्रवणालेख, कमरेचे घेर आणि रक्तशर्करा शेजारी ठेवून पाहिल्यास आवाजाचा वाटा किती व शरीराचा किती, हे बऱ्याच अंशी वेगळे करता येईल. स्त्री-पुरुष भेद व वय यांची दखल घ्यावी लागेल हे खरे. परंतु असा अभ्यास येथील महाविद्यालयांच्या आवाक्यातला आहे.

तपासणीविषयी काही व्यावहारिक सूचना

या अभ्यासाला किंवा साध्या आरोग्य शिबिरालाही फार साधने लागत नाहीत. वजनकाट्यासोबत शिंप्याची टेप ठेवावी आणि कमरेचा घेर शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजावा. बोटातून रक्तशर्करा व रक्तदाब पाहावा. श्रवणतपासणी पाळी सुटल्यावर लगेच करू नये. आवाजाने कानाला तात्पुरता थकवा येतो आणि आलेख खऱ्यापेक्षा वाईट दिसतो. किमान चौदा तास आवाजापासून दूर राहिल्यानंतर, म्हणजे साप्ताहिक सुटीच्या सकाळी, तपासणी करणे उत्तम. शिबिराची जागा मागांच्या शेडशेजारी असेल तर आलेखाला काही अर्थ उरत नाही.

कानात कापसाचे बोळे घालण्याची पद्धत कामगारांत आढळते. सुका कापूस आवाज फारच थोडा अडवितो. फोमच्या, दाबून बसविण्याच्या गुटिका पुष्कळ अधिक अडवितात, मात्र त्या नीट आत बसल्या पाहिजेत. 'त्या घातल्या की तुटलेला धागा किंवा मागातील बिघाड ऐकू येत नाही' अशी तक्रार केली जाते. अनुभवी विणकर मागाचा बिघाड आवाजावरून ओळखतो, हे खरे आहे. परंतु गुटिका सर्वच आवाज सारखे कमी करीत असल्यास बिघाडाचा आवाज व नेहमीचा आवाज यांतील फरक कायम राहतो. सवय होण्यास काही दिवस लागतात. कान आधीच गेलेल्या जुन्या कामगाराला मात्र गुटिका घातल्यावर खरोखरच काही ऐकू येत नाही, आणि त्याचेच मत शेडमध्ये प्रमाण मानले जाते. म्हणून गुटिकांची सुरुवात पहिल्या वर्षाच्या कामगारांपासून करावी.